पितळी पुंगळी

“दागिना घातला म्हणून म्हातारीला नवं पाय फुटत्यात व्हय?” मष्णू पुटपुटला.

त्याचं डोकं माझ्या बॉनेटमध्ये होतं, म्हणून ते फक्त मला ऐकू आलं. बाहेर मालक उभे होते. मष्णूनं डोकं वर काढलं आणि म्हणाला, “पुंगळी झ्याक बसलीया, अण्णा!”

मित्रांनो, ती म्हातारी म्हणजे मी. निपाणी ते बेळगाव माणसं वाहणारी मोटार. आता बेळगावजवळच्या अनगोळात एका चिंचेखाली पडून आहे. चाकं केव्हाच गेली, गाद्यांत कोंबड्या अंडी घालतात. परवा देश स्वतंत्र झाला तेव्हा पोरांनी माझ्या टपावर चढून झेंडा लावला. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर एवढ्या प्रेमानं कुणी चढलं नव्हतं.

माझं इंजिन बोटीतून आलं, पण अंग बेळगावच्या सुतारांनी बांधलं, खानापूरच्या सागाचं. मष्णू माझा ड्रायव्हर. भावकू क्लीनर, मष्णूहून वयानं मोठा, बोलायला कमी. त्याच्याजवळ बाभळीचा एक ठोकळा असे. तवंदीचा घाट आला की माणसं आपणहून खाली उतरायची आणि चालत चढायची. मी हलक्या अंगानं पुढं, भावकू ठोकळा घेऊन मागं. मी दमले की तो ठोकळा चाकाखाली सारायचा. मष्णू मला पाणी पाजायचा, तेवढ्यात बाया पान खाऊन घ्यायच्या. मोटारीला तरी आणखी काय लागतं? वंगण, पाणी, आणि चढावर माणसांनी जरा खाली उतरावं एवढी माया.

मग ‘ज्योतिबा’ कंपनीची नवी मोटार रस्त्यावर आली. तिच्यातून कुणाला उतरावं लागत नव्हतं. निपाणीच्या स्टँडवर उतारूंवरून रोज मारामारी होऊ लागली. एका म्हाताऱ्याचा एक हात ज्योतिबाची माणसं ओढायची, दुसरा आमची. एकदा तर मष्णूचा दात पडला आणि भावकूनं पाडणाऱ्याचं नाक फोडलं. माझ्या मडगार्डावर रक्त उडालं. ज्या फडक्यानं तेल पुसायचे, त्याच फडक्यानं तेही पुसलं.

माझे मालक पारिसाण्णा, तंबाखूचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, फक्त हसणं सोसायचं नाही त्यांना. ज्योतिबाची माणसं ओरडायची, “अण्णांची गाडी बघा, उतारू पायी आन् मोटार पालखीत!” अण्णांचे कान लाल व्हायचे.

अशातच टोपीवाला एक एजंट पेठेत आला. त्याच्या पेटीत मखमलीवर एक पितळी पुंगळी होती. इंजिनाच्या नळीत बसवायची, म्हणजे जोर दीडपट आणि पेट्रोल निम्मं. अण्णांनी ती घेतली, मला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं.

पुंगळीतून नुसता वारा आत येत होता. मला खोकला लागला. दुसऱ्याच दिवशी मला चालू करायला मष्णू लोखंडी हँडल मारताना मी उलटा झटका दिला आणि त्याचं मनगट वांग्याएवढं सुजलं.

“नवीन हाय, रुळंल,” अण्णा म्हणाले.

पुंगळी खोटी म्हटलं तर अण्णांचा मार बसायचा; तो नको म्हणून माणूस काय करतो पाहा. परतीच्या उताराला मष्णू इंजिन बंद करून मला तशीच सोडून द्यायचा. पेट्रोल वाचायचं. अण्णा टाकीत काठी घालून बघायचे आणि पुंगळीची पाठ थोपटल्यासारखं माझं बॉनेट थोपटायचे. मष्णू गप्प. भावकू गप्प. 

मग हुकूम निघाला. घाटात कुणी उतरायचं नाही, आणि ठोकळा गाडीत दिसता कामा नये. “लोक हसत्यात,” अण्णा म्हणाले. हलक्या ओझ्यावर मी कशीबशी चढत होते आणि उतारूंना चालावं लागत नव्हतं, तेही गप्प; म्हणून हुकूम टिकला.

बाजाराच्या दिवशी मात्र टपावर तंबाखूची बोदं, म्हणजे ठासून भरलेली पोती, आत दाटीवाटीनं माणसं. पुढच्या सीटवर अण्णा स्वतः. मागं भावकूची बायको मनुबाई, मांडीवर कोंबड्यांची पाटी. शिडीला लोंबकळत भावकू, खांद्यावर घोंगडं. घाटात ज्योतिबाची मोटार भोंगा वाजवत आम्हाला मागं टाकून गेली.

“दाब रं!” अण्णा ओरडले.

मष्णूनं दाबलं. मी खोकले, दोनदा आचके दिले आणि मध्यावरच बंद पडले. ब्रेक करकरले, पण एवढं ओझं त्यांना पेलेना. मी मागं सुटले. बाया किंचाळल्या, बोदं खाली कोसळली, एकाचं डोकं आतल्या खांबावर फुटलं. मागं दरी होती.

तेवढ्यात माझ्या चाकाखाली काहीतरी आलं. आधी लाकूड. मग मऊ.

मी थांबले, दरीपासून हातभर अंतरावर.

माणसं उतरली आणि भावकूकडं बघायच्या आधी मष्णूवर तुटून पडली. त्याला दारातून ओढून काढलं. एकानं माझंच हँडल उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. “प्यालाय भाड्या! मारा!” त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. सुजलेला हात डोक्यावर धरून तो एवढंच म्हणत होता, “अण्णा, सांगा की... अण्णा, तुमी तरी सांगा की...”

अण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी माझ्या बॉनेटकडं बघितलं आणि मान फिरवली. “बिरेक दाबाय नगो व्हय?” ते हळूच म्हणाले. हँडल पुन्हा वर गेलं.

“थांबा!”

मनुबाई खाली बसली होती. भावकूचं डोकं तिच्या मांडीवर होतं, छातीपासून खाली काही उरलं नव्हतं. ती रडत नव्हती. चाकाखाली चिरडलेल्या घोंगड्यातून तिनं बाभळीची एक ढलपी ओढून काढली आणि अण्णांच्या पुढं धरली.

“त्याला मारू नगासा. अण्णा, तुमच्या पुंगळीत कायबी न्हवतं. तुमास्नी म्हाईत हुतं, ह्या मष्णूला म्हाईत हुतं, हितं हुबं हायती त्या समद्यास्नी म्हाईत हुतं. आमच्या धन्यास्नीबी म्हाईत हुतं. म्हणून तर घोंगड्यात गुंडाळून ठोकळा आणलता त्येनी.”