पाचव्या माईकची ज्योत

सभागृहाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते. भर दुपारी आत अंधार, आणि अंधारात मोठ्या पडद्यावर आठ ज्योती. समोर आठ माईक. माणूस बोलला की त्याची ज्योत सर्रकन उंच व्हायची. मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव हात जोडून बसलं होतं.

"हे यंत्र नोहे, माउली, आत्म्याचा एक्स-रे आहे," आपला आठवा माईक सोडून पुढे येत ज्योतीनाथ महाराज म्हणाले. "पुण्यवान बोलला तर ज्योत नाचते, पापी बोलला तर मरते. अमेरिकेवाले तीनदा आले अन् पाया पडून गेले."

कोण आले, कधी आले, विचारायची सोय नव्हती. माझ्या मायनं, वच्छलानं, तसं विचारलं होतं. तापानं फणफणलेल्या एका पोराला अंगारा नको, दवाखान्यात न्या, असंही ती म्हणाली होती. आठवड्याभरात याच पडद्यावर तिची ज्योत मेली. हिच्याच पापानं धानाची रोपं, सगळं पऱ्हं पिवळं पडलं, असं महाराजांनी जाहीर केलं. मुकादमीण गोदावरीबाईनं तिला रोवण्यातून, धानलावणीच्या कामातून, काढलं. आज ज्योत पुन्हा मेली तर तिनं गाव सोडायचं, असं ठरलं होतं.

नागपुरात मी प्रदर्शनांसाठी आवाजावर हलणारे असेच पडदे बनवते. फोनवर मी मायला एकच विचारलं, "त्या दिवशी माईकपुढे तुम्ही बाया उभ्या कशा होत्या?"

"रोवण्यात राहतो तशाच. महाराजच म्हणे, आपली जागा सोडू नका."

रोवणा करताना ओळीतली प्रत्येकीची जागा ठरलेली असते. माय वीस वर्षं पाचवी. भामट्याला तेवढंच हवं होतं. मला राग आला, असा की दोन दिवस जेवण गेलं नाही. नुसतं समजावून सांगायला मी गावी आले नव्हते. मला तो तोंडावर पडलेला बघायचा होता.

आज सकाळी चेला कमलेश जेवायला गेला. मंडप-माईक भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्या तेजरामकाकांनी मला सभागृहात घेतलं. आठ माईकच्या आठ वायरी एका डब्यात जात होत्या, डब्यातून लॅपटॉपमध्ये आणि वेगळ्या वायरीनं भोंग्याकडे. मी पाचवी आणि आठवी वायर अदलाबदल केली आणि गपचूप मागे जाऊन बसले.

"बोल, वच्छला," महाराज म्हणाले.

माय माईकपुढे आली. "काय बोलू? मी चोरी नाही केली, लबाडी नाही केली."

पाचवी ज्योत हललीच नाही. पण महाराजांची आठवी ज्योत छताला टेकली.

महाराज घाईघाईनं आपल्या माईकवर मंत्र म्हणू लागले. आवाज भोंग्यातून घुमत होता, ज्योत एकही हलेना. मग ते मागे वळून दात खात पुटपुटले, "कमलेश, पाचची लाइन बंद करायची होती, माही काहून केली?"

माईक चालूच होता. भोंग्यानं ते अख्ख्या गावाला ऐकवलं.

मी उठले, खिडक्यांचे पडदे ओढून काढले, लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. "हे आठ खाने बघा. एकेका माईकचा आवाज एकेका खान्यात येतो. जितका आवाज मोठा, तितकी ज्योत उंच. अन् हे बटण दाबलं की खाना बंद, ज्योत मेली. तुमचा आत्मा या बटणात होता."

महाराज दाराकडे सरकले. दारात तेजरामकाका उभे होते. "पोलीस येऊन राहिले, महाराज. बसा." महाराज मुकाट बसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गोदावरीबाई मायजवळ आली. "वच्छला, उद्या ये बाई, तुह्या जागेवर."

"येईन," माय म्हणाली. "पयले या माईकवर सांग, पऱ्हं काहून पिवळं पडलं."

मी वायरी जागेवर लावल्या, आठही खाने उघडले. गोदावरीबाई पाचव्या माईकपुढे खाली मान घालून म्हणाली, "जमिनीत जस्त कमी होतं. कृषीवाला सांगत होता, आमी आयकलं नाही. वच्छलाचा काही दोष नोहता."

पाचवी ज्योत उंच गेली. दोन-चार बायांनी लगेच हात जोडले.

"हात खाली करा," मी म्हटलं. "खोटं बोलली असती तरी ज्योत एवढीच चढली असती. तिला फक्त आवाज कळतो. खरं काय ते विचारून, तपासून आपल्यालाच पाहावं लागेल."