मांजरीला खुंट

प्लेगाची साथ सरली त्या साली मी शिसवाचा पलंग केला. आमच्या अवसरी गावात सुताराच्याच घरी पलंग म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांत खुपायचाच. पाय जुन्नरहून कातून आणले, बाकी सगळं या दोन हातांचं काम. वर्षभर खपलो. केला होता भागूसाठी, माझ्या बायकोसाठी. पण घडीव पलंग घरात आला तेव्हा आई समोर बसलेली. बायकोला पलंग केला, असं आईच्या तोंडावर सांगणारा मर्द आमच्या आळीत अजून जन्मायचा होता. मी म्हणालो, "पाठ लई दुखती, म्हणून केला."

झालं! सासूच्या देखत नवऱ्याच्या पलंगावर कोण बसणार? भागू खाली घोंगडीवर, आणि पलंगावर मी आणि तिची मांजर. 'चांगला झालाय' एवढंसुद्धा भागूनं कधी म्हटलं नाही. मी मात्र त्या दोन शब्दांची वाट बघत राहिलो.

त्या मांजरीचा मला भारी हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? भागू मला हाक मारायची तर नुसतं 'अवो', आणि तिला 'माझी बाय, माझी सोनुली'. ही सोनुली रोज सकाळी पलंगाच्या पायाला नखं घासायची. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. भागू शेजारीच भाकरी थापत असायची, पण एका शब्दानं हटकेल तर शपथ!

पायाला मिरची चोळली, तर माझेच डोळे चुरचुरले. घासलेटाचं फडकं बांधलं, तर आईला मळमळायला लागलं. शेवटी चिडून म्हणालो, "पोत्यात घालून नदीपल्याड सोडून येतो." त्यावर भागू दिवसभर जेवली नाही. उपाशी बाईशी काय भांडायचं?

मग जरा सुतारासारखा विचार केला. मांजर उभी राहून अंग ताणते. तिला न हलणारं, खरबरीत काहीतरी लागतं. पांगाऱ्याचा मांडीएवढा उंच खुंट जड फळीत ठोकला, वरून सुंभ घट्ट गुंडाळला आणि पलंगाच्या त्याच पायाशी ठेवला. तिसऱ्या दिवशी मांजर पलंग सोडून खुंटाला भिडली.

आता तरी भागू हसेल, असं वाटलं. तिचे डोळे भरून आले.

"बावीस वर्सं नांदतेय सुताराच्या घरात. माझ्यासाठी साधा पोळपाट कधी केला न्हाई तुमी. आन मांजरीला खुंट!"

उंबऱ्याशी आई गहू निवडत होती. तिचा हात थांबला. आता मूग गिळून बसलो असतो तर सगळंच गेलं असतं.

"भागू, त्यो पलंग तुझाच हाय," मी आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो. "तुझ्यासाठीच केला व्हता."

भागू पलंगाच्या पायाशी बसली. मांजरीनं काढलेल्या ओरखड्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"वरीसभर ह्या पलंगाला गोंजारत व्हता तुमी," ती म्हणाली. "मला बघवत नव्हतं. म्हनून तर मांजरीला नखं घासू दिली."