बरणीतल्या फांद्या

आर्लीनने बरणीतलं गढूळ पाणी सिंकमध्ये ओतलं, नळाची धार कोमट झाली का ते मनगटावर घेऊन पाहिलं आणि बरणी भरून सहाही फांद्या एकेक करून पुन्हा आत सोडल्या. आज अकरावा दिवस. फांद्यांवरचे डोळे फुटून चुरगळलेली, कोवळी पानं बाहेर आली होती. कळी कुठेच नव्हती. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रत्येक शेंडा नाकाजवळ धरून पाहिला.

"आलं का काही?" बाहेरच्या खोलीतून हेल्मीने विचारलं.

"पानं मोठी होतायत, आई."

"बरं."

उशीवरून मान न वळवता आईला दिसेल अशी तिने बरणी खिडकीत ठेवली. खिडकीबाहेर तेच झाड उभं होतं, निम्मं बर्फात, फांद्यांच्या टोकांना गेल्या ऑगस्टचे तपकिरी, कागदासारखे झुबके. चाळीस वर्षांपूर्वी आईने लावलेलं हे हायड्रेंजिया मिनेसोटाच्या उणे तीसच्या हिवाळ्यांतही कधी दगावलं नव्हतं. ऑगस्टमध्ये त्याला शंकूसारखे पांढरे गुच्छ येत आणि सप्टेंबरच्या गारठ्याने ते हळूहळू गुलाबी होत.

आई ऑगस्टपर्यंत राहणार नाही, हे डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. एप्रिल, म्हणाले. फार तर मे. आर्लीन टूसॉनच्या आपल्या घरून दोन बॅगा घेऊन आली आणि आल्यावर तिला कळलं की इथे करण्यासारखं काही नाही. औषध किती द्यायचं ते नर्स ठरवायची. लापशीचे दोन चमचे झाले की आई ओठ मिटून घ्यायची. आर्लीन भांडी घासायची, आणि घासलेली पुन्हा घासायची.

मग एका दुपारी तिला आठवलं. लहानपणी मार्चमध्ये आई लायलॅकच्या फांद्या कापून घरात आणायची, आणि बाहेर बर्फ असताना स्वयंपाकघरात फुलं उमलायची. आई झोपली होती. आर्लीन गुडघाभर बर्फात शिरली आणि हायड्रेंजियाच्या हाताला लागतील त्या सहा फांद्या कापून घेऊन आली.

"लायलॅकसारखंच करते," आई जागी झाल्यावर ती म्हणाली होती. "तीनेक आठवड्यांत फुलेल बघ."

हेल्मी त्या फांद्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पाणी रोज बदलावं लागेल. कोमट घे. आणि बुडखे तिरके काप."

दुपारी शेजारच्या व्हर्नाकाकू आल्या. दारात बूट काढून, मोजे घातलेल्या पायांनी आत येत त्यांनी फॉइलने झाकलेलं, बटाटे नि चीज घालून भाजलेलं हॉटडिश ओट्यावर ठेवलं.

"अजून आहेस का गं?" त्यांनी हेल्मीला विचारलं.

"मरण आलं होतं दारापर्यंत. तुझ्या हॉटडिशचा वास आला, पळालं."

"हो का? मग उद्या पण आणते."

हसता हसता हेल्मीला ठसका लागला. तो थांबला तेव्हा ती थकून डोळे मिटून पडली. व्हर्नाकाकूंनी तिच्या पायांवरची गोधडी सारखी केली, खिडकीतल्या बरणीकडे एकदा पाहिलं आणि उठल्या. आर्लीन त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

"ती बरणी कशाला गं?" बूट चढवत त्यांनी हळूच विचारलं.

"फुलं येतील ना. आईला एकदा दिसावीत."

व्हर्नाकाकूंचा हात बुटाच्या चेनवर थांबला.

"अगं बाई, ते लायलॅक नव्हे. लायलॅकच्या कळ्या गेल्या वर्षीच तयार होऊन बसलेल्या असतात. याचं फूल नव्या काडीवर येतं. ती काडी उन्हाळाभर झाडावरच वाढावी लागते. बरणीत नुसती पानं."

"आईला आता आठवत नसेल ते."

"हेल्मीला? गेल्या बुधवारी मी माझ्या झाडाचं विचारलं, तर केवढं झापलं मला! 'वीस वर्षं चर्चच्या तळघरात बागकाम शिकवतेय, व्हर्ना, तुझ्या डोक्यात काय बर्फ भरलाय? मार्च संपायच्या आत छाट, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढ, फूल नव्या काडीवरच येतं.' सगळं पाठ आहे तिला."

एवढं बोलून त्यांनी आर्लीनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने टोपी कानांवर ओढली.

"अर्धा तास गरम कर हं. वरचं चीज करपू देऊ नकोस."

दार लागलं. आर्लीनने बर्फाचे ओले ठसे फडक्याने पुसले, आणि पुसलेले पुन्हा पुसले.

आत आली तेव्हा हेल्मी जागी होती.

"काय म्हणत होती?"

"अर्धा तास गरम करायला सांगितलंय."

"तेवढ्यासाठी इतका वेळ?"

"बोलतात ना त्या खूप."

"हं."

आर्लीन पलंगाजवळच्या खुर्चीत बसली. तिने हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. खिडकीतली पानं उन्हात आरपार दिसत होती. हेल्मी त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती आर्लीनच्या हातांकडे पाहत होती.

"आई," आर्लीन म्हणाली, "आणखी फांद्या आणू का?"

हेल्मीने खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं. तिचा अंगठा गोधडीच्या काठावरून फिरत राहिला.

"आण," ती म्हणाली. "पण या वेळी हाताला येईल ती ओरबाडू नकोस. मी दाखवीन ती घे. पलंग जरा वर कर."

आर्लीनने कळ दाबून पलंगाची पाठ उभी केली आणि आईला आधार देत मागे उशी सरकवली. हाताला वजन असं काही लागलंच नाही. मग तिने बूट घातले, कोट चढवला आणि कात्री घेतली.

बर्फाचा वरचा थर कडक झाला होता. प्रत्येक पाऊल तो मोडून आत जात होतं. झाडाच्या मधोमध एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्या होत्या. खिडकीच्या काचेमागे आईचं बोट त्यांच्याकडे होतं. तिने एक फांदी धरली. बोट हललं. खाली. तिने कात्री खाली नेली. अजून खाली. कात्रीचं तोंड फांदीवरच्या समोरासमोरच्या दोन डोळ्यांच्या जरासं वर आलं तेव्हा बोट थांबलं.

फांदी पडली. तिच्यावरचा वाळका झुबका तुटून बर्फावरून घरंगळत गेला.

तिने दुसरीही तशीच कापली. बरणीत एवढ्याच मावल्या असत्या. दोन्ही काखेत धरून तिने वर पाहिलं.

आईचं बोट पुढच्या फांदीवर होतं.