आठव्या महिन्याची शीव

चुलीमागच्या भिंतीवर गोजरबाईनं चुन्याची बोटं उठवली होती. दर अमावास्येला एक बोट. सुनेची, ज्ञानेश्वरीची पाळी चुकली, त्यानंतरच्या अमावास्येला पहिलं बोट उठलं. आता सात बोटं ओळीनं उभी होती आणि आठवं उठायला चार दिवस बाकी होते.

बुधवार होता. गोजरबाई बाजरीच्या भाकरी थापत होती. लेक अजिनाथ पाथर्डीच्या रस्त्यावर वडाप चालवायचा; त्याची जीप अंगणात उभी होती आणि तो टायरमध्ये हवा मारत होता. ज्ञानेश्वरी उंबऱ्याला टेकून लसूण सोलत बसली होती.

"आत्या, माझी चप्पल आता काय उपेगाची न्हाई," ती हसत म्हणाली. "पायच जात न्हाई आत. कालपासनं तुमच्या लेकाची घालते."

"घाल की. त्याचीच कृपा हाय," गोजरबाई म्हणाली, तसा अजिनाथ पंप मारता मारता लाजला.

एवढ्यात शरिफा सिस्टरची स्कूटी अंगणात आली. उपकेंद्राची ही नर्स नगरची, पण सात वर्षांत तिनं चिंचवस्तीतलं घर न् घर पायाखाली घातलं होतं. तिनं ज्ञानेश्वरीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, काट्याकडं पाहिलं. पुन्हा फुगवला. मग तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. पायाच्या बोटांतली जोडवी मांसात रुतून बसली होती.

"डोकं दुखतं का?"

"दुखतं. पहाटंपासनं ठणकतंय. डोळ्यापुढं काजवं बी येत्यात," ज्ञानेश्वरी म्हणाली. सासूला हे ती बोलली नव्हती.

सिस्टरनं लघवी तपासली आणि कार्डावर लाल पेनानं काहीतरी लिहिलं. "मावशी, बीपी फार वाढलंय. लघवीतून प्रोटीन चाललंय. आजच तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. मी एकशे आठला फोन करते."

गोजरबाईचा हात परातीत थांबला. "आज? आज कसं? आठवा चालू हाय तिला."

"मग?"

"आठव्यात गावाची शीव वलांडत न्हाईत, बाई. तुमाला म्हाईत नसंल. ऐतवारी अमुशा हाय. सोमवारी सकाळी नववा लागतोय. दिस उगवायच्या आत घिऊन जाऊ."

सिस्टर चुलीपाशी येऊन खाली बसली. तिनं भिंतीवरची बोटं पाहिली. "मावशी, तुम्ही पाळी चुकल्यावर मोजायला लागलात. आम्ही शेवटची पाळी आली त्या दिवसापासून मोजतो. आज छत्तीस आठवडे झाले. आमच्या हिशेबानं हिचा आठवा कधीच सरलाय."

"तुमचा सरला असंल. आमचा न्हाई सरला."

हे बोलताना गोजरबाईचा आवाज चढला नाही. सुनेचा छळ करणारी बाई नव्हती ती. ज्ञानेश्वरीला दुपारी ती पाटीसुद्धा उचलू देत नव्हती, गाईचं पहिलं दूध तिच्याचसाठी बाजूला काढत होती. पण चाळीस वर्षांपूर्वी तिला स्वतःला आठवा चालू होता, तेव्हा ती भावाच्या लग्नाला ओढ्यापलीकडं माहेरी गेली होती. तिसऱ्या दिवशी लेकरू पोटातच गेलं. मुलगा होता. "शीव वलांडलीस आन् लेकरू गिळलंस," असं तिची सासू म्हणाली होती. त्यानंतर अजिनाथ व्हायला अकरा वर्षं लागली. त्या अकरा वर्षांत ते वाक्य तिनं रोज ऐकलं. सासू बोलली नाही त्या दिवशी तिनं ते स्वतःच स्वतःला म्हटलं.

सिस्टर उठून ज्ञानेश्वरीकडं वळली. "तुझं काय म्हणणं? जायचं ना?"

ज्ञानेश्वरीनं सासूकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "आत्या म्हणतील तसं."

तिला कोणी काही विचारलं ते एवढंच. नंतर कोणी विचारलं नाही.

रुग्णवाहिका आली. अंगणात उभी राहिली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. शेजारच्या बाया पदर सावरत जमल्या. सिस्टर बोलत होती, झटके येतील म्हणत होती, दोघांच्या जिवाला धोका आहे म्हणत होती. अजिनाथ आईकडं बघत होता आणि आई भिंतीकडं. अर्ध्या तासानं गाडी रिकामीच वळली. सिस्टरनं बीपीच्या गोळ्या ठेवल्या आणि नेण्यास नकार असल्याची सही अजिनाथकडून घेतली. सही करताना त्यानं विचारलं, "बाई, चारच दिवसांचा प्रश्न हाय ना?"

 "ती जोडवी तरी काढा," एवढं बोलून सिस्टरनं स्कूटी चालू केली.

"सवाशीण हाय ती. जोडवी कशी काढायची?" गोजरबाई म्हणाली.

गुरुवारी सिस्टर आली. शुक्रवारी आली. शनिवारी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावून तिनं तो गोजरबाईच्या कानाला धरला. गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "व्हय साहेब, सोमवारी आणतो." तिला हे लोक वाईट वाटत नव्हते. फक्त यांना शीव म्हणजे काय ते माहीत नाही, असं वाटत होतं.

रविवारी दुपारी जेवणं चालली होती. ज्ञानेश्वरीच्या हातातून तांब्या पडला. "आत्या, दिसंना मला," ती म्हणाली आणि आडवी झाली. डोळे वर गेले, दात मिटले, सगळं अंग ताठ होऊन उडू लागलं.

अजिनाथनं तिला उचलून जीपमध्ये घातलं. गोजरबाई मागं बसली, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. वाटेत, रोजच्यासारखी तपासायला निघालेल्या सिस्टरची स्कूटी आडवी आली. ती स्कूटी रस्त्याच्या कडेला टाकून सिस्टर आत चढली, तिनं इंजेक्शन दिलं, ज्ञानेश्वरीला कुशीवर वळवून धरलं.

ओढ्याजवळ शेंदूर फासलेला शिवेचा दगड दिसला. अजिनाथचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. "आई, नारळ?"

 जीप थांबली नाही. शीव आली आणि गेली. काहीच झालं नाही. दगड दगडाच्या जागी राहिला, पुढं ज्वारीची रानं लागली, एक बाई शेळ्या हाकत चालली होती.

तालुक्याहून त्यांना नगरला पाठवलं. तिथं पोट फाडून मूल काढलं. मुलगी, दोन किलोची. ती रडली. तिची आई शुद्धीवर आली नाही. सोमवारी सकाळी, दिवस उगवायच्या सुमारास, ज्या वेळेला तिला दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं त्याच वेळेला, ज्ञानेश्वरी गेली.

एका नर्सनं कागदाची पुडी आणून गोजरबाईच्या हातात दिली. आत जोडवी होती. कापून काढलेली.

त्यानंतरचे दिवस गोजरबाईनं कसे काढले ते तिलाही सांगता आलं नसतं. भाकरी थापल्या जात होत्या. गाय पिळली जात होती. माणसं येत होती, बाया गळ्यात पडून रडत होत्या, आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू दुःख त्यांच्या घरचं आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. अजिनाथ आईशी बोलायचा बंद झाला होता. हवं ते मागायचा आणि निघून जायचा. उंबऱ्याशी त्याच्या जुन्या चपला पडून होत्या, ज्ञानेश्वरी घालायची त्या. कोणी उचलल्या नाहीत.

तेरावा झाला. विसाव्या दिवशी बाळ दवाखान्यातून घरी आलं आणि त्याचं वजन करायला शरिफा सिस्टर आली. तिनं कोणालाही बोल लावला नाही. बाळ झोळीत घालून काटा पाहिला, दूध कसं पाजायचं ते पुन्हा दाखवलं.

गोजरबाईनं फळीवरून कार्ड काढलं. "बाई, हे वाचा."

"कशाला आता, मावशी?"

"मला वाचता येत न्हाई म्हून. वाचा."

सिस्टरनं वाचलं. तारीख, बीपी, छत्तीस आठवडे. तातडीने दवाखान्यात पाठवावे. नातेवाइकांचा नकार.

"नकार कुनाचा लिव्हलाय?"

"अजिनाथची सही आहे."

"माझं नाव न्हाई?"

"नाही."

"लिव्हा."

सिस्टरनं कार्ड मिटलं.

"लिव्हा म्हनते ना. नकार माझा हुता. त्यानं नुसती सही केली. माझ्या नातीला उद्या वाचता येईल. तिनं बापाचं नाव वाचायचं व्हय?"

सिस्टरनं लिहिलं. गोजरबाईनं खाली अंगठा उठवला. बराच वेळ ती त्या निळ्या ठशाकडं बघत राहिली. मग कमरेची पिशवी सोडून तिनं कापलेली जोडवी बाहेर काढली.

"बाई, सूज येती, डोकं दुखतं, त्यानं पोटातलं लेकरू जातं का?"

"जाऊ शकतं. वेळेवर कळलं नाही तर."

"माज्या भावाच्या लग्नात माझी जोडवी अशीच रुतली हुती. बोटं काळी पडली. सोनारानं ती जोडवी कातरून काढली. तिसऱ्या दिवशी लेकरू गेलं."

सिस्टरनं त्यातलं एक जोडवं हातात घेतलं.

"म्हंजी शीव वलांडली म्हून न्हाई?"

"शिवेनं कोणी मरत नाही, मावशी."

गोजरबाईनं मान हलवली. चाळीस वर्षं छातीवर असलेलं ओझं उतरलं, पण तिला हलकं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. त्या ओझ्याच्या जागी दुसरं येऊन बसलं होतं, आणि हे मात्र खरोखर तिचं होतं. तिनं शेणाचा गोळा घेतला आणि चुलीमागची भिंत सारवून टाकली.

पावसाळा सरला. नवरात्राच्या आधी एका सकाळी वस्तीतल्या छगनच्या घरासमोर रुग्णवाहिका उभी असलेली गोजरबाईला दिसली. छगनची सून रूपाली गरोदर होती. शरिफा सिस्टर अंगणात, आणि दारात छगनची बायको बनुबाई, दोन्ही हात चौकटीला लावून.

गोजरबाईनं नातीला काखेत घेतलं आणि ती चालत तिथं गेली.

"गोजरे, तूच सांग यांना," बनुबाई तिला बघून म्हणाली. "आठवा हाय पोरीला. तुज्या घरी काय झालं ते गावानं बघितलंय."

"काय झालं माज्या घरी?"

बनुबाईनं चौकट आणखी घट्ट धरली.

"बोल की. शीव वलांडली म्हून मेली असं गाव म्हनतंय ना? चार दिस वलांडली न्हाई म्हून मेली. मी न्हिऊ दिली न्हाई. कार्डावर माझा अंगठा हाय."

अंगणातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. एवढ्या सपाट आवाजात असं कोणी बोलताना त्यांनी ऐकलं नव्हतं.

"तरीबी आठव्याचं लेकरू वाचत न्हाई गं," बनुबाई पुटपुटली. "पिढ्यान् पिढ्या..."

"हिला धर." गोजरबाईनं नात तिच्या हातात दिली. बनुबाईचे हात आपसूक चौकटीवरून सुटले आणि बाळाभोवती आले. "तुज्या-माज्या मोजनीनं ही आठव्याची. आईच्या पोटात असताना शीव वलांडून गेली. बघ, दात यायला लागल्यात हिला."

बाळानं बनुबाईच्या गळ्यातली पोत धरून तोंडात घातली.

गोजरबाई घरात गेली. रूपाली कॉटवर बसली होती, चेहरा सुजलेला, डोळे भ्यालेले. गोजरबाई तिच्या पायाशी बसली. पदराखालच्या बाटलीतलं खोबरेल तिनं बोटांना चोळलं आणि एक एक करून जोडवी हळूच काढली.

"मावशी, सवाशिणीची..." रूपाली कुजबुजली.

"परत घालशील. त्यासाठीच काढतीय. आता सांग, तुला जायचंय का?"

रूपालीनं दाराकडं पाहिलं. सासू पाठमोरी होती.

"तिकडं बघू नको. तुला विचारलंय."

"जायचंय," रूपाली म्हणाली, इतक्या हळू की बाहेर ऐकू गेलं नसतं. गोजरबाईनं ते बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं. छगननं बायकोकडं पाहिलं, बायकोनं हातातल्या बाळाकडं. कोणी आडवं आलं नाही.

गाडीत सिस्टर रूपालीच्या दंडाला पट्टा बांधत होती. गोजरबाई शेजारी बसली होती, मुठीत जोडवी घेऊन. रूपालीनं डोळे गच्च मिटले होते. गाडी ओढ्याच्या उतारावर हबकली तसा तिनं गोजरबाईचा हात आवळला.

"मावशी, शीव आली का?"

गोजरबाईनं खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

"कवाच मागं गेली, पोरी," ती म्हणाली. "डोळं उघड."