आपोआप वर येणारा हँडब्रेक

आयर्लंडमधल्या लिमरिकहून ट्रलीकडे निघून तासही झाला नसेल, तोच जळका वास आला. निहारिकाने गाडी एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेतली. मागे जोडलेल्या कॅरॅव्हॅनची, म्हणजे त्या चाकांवरच्या छोट्या घराची, चाकं हात लावू नये इतकी तापली होती.

"हँडब्रेक काढायला विसरलीस," संकेत म्हणाला. कॅरॅव्हॅनला पुढच्या दांड्यावर स्वतःचा हँडब्रेक असतो, आणि तो खरंच अर्धवट वर होता. "आता मी चालवतो. परतीलाही मीच."

बायको गाडी चालवत असली की बाजूला बसून याच्या पोटात दुखायचंच. आता आयतं निमित्त मिळालं. निहारिका कितीतरी दिवस कॅरॅव्हॅन ओढायचा सराव करत होती. आज किल्ली हातची गेली तर पुन्हा मिळायची नाही, हे ती ओळखून होती.

"दे गं त्याला. उगाच जोखीम कशाला?" मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. शोभनाताई पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या.

निहारिकाला राग आला, पण त्याहून जास्त नवल वाटलं. निघताना तिने हँडब्रेक पूर्ण खाली केला होता. मग तो वर आला कसा? सरळ रस्त्यावर तर गाडी हलकी पळत होती. जड लागायला लागली ती मोठ्या राउंडअबाउटच्या गोल चौकातून उजवीकडे वळल्यावर.

चाकं निवल्यावर तिने हँडब्रेक खाली केला आणि किल्ली संकेतला दिली. "चालव. पण आधी इथेच एक चक्कर मार, हळू. मी बाजूने चालते."

"कशाला?"

"बघायचंय मला."

डावीकडच्या वळणावर काही झालं नाही. उजवीकडे वळताना मात्र 'कट्' असा आवाज आला आणि कोणाचाही हात न लागता हँडब्रेक एक खाच वर सरकला. मग आणखी एक.

"थांब," म्हणत निहारिका खाली वाकली. गाडी आणि कॅरॅव्हॅन यांच्यात एक बारीक तार असते. कॅरॅव्हॅन चुकून सुटलीच, तर ती तार हँडब्रेक ओढून तिला थांबवते. तार सैल हवी. इथे ती जोडाभोवती दोनदा गुंडाळून नाडाछडीने घट्ट बांधली होती. वळताना ताणली जाऊन ती हँडब्रेकच ओढत होती.

सकाळी कॅरॅव्हॅनची पूजा कोणी केली होती, हे वेगळं सांगायला नको. मान वर केली तर शोभनाताई गाडीतून उतरून समोर उभ्या होत्या, चेहरा पडलेला.

निहारिकाने गाठ सोडली आणि दोरा मुठीत लपवला. "तार आखूड पडत होती. आता ठीक आहे."

"तार जोडली कोणी?" संकेतने खिडकीतून विचारलं.

"मीच."

"मग झालं तर, चूक तुझीच. चला, बसा."

"तिने बरोबरच जोडली होती," शोभनाताई म्हणाल्या. "लोंबत होती म्हणून मी गुंडाळली. लोंबतं काही दिसलं की मला राहवत नाही. उतर तू. किल्ली दे तिला आणि मागे बस."

संकेत किल्ली देऊन मागे जाऊन बसला. शोभनाताई पुढच्या सीटवर बसल्या आणि पट्टा लावताना म्हणाल्या, "ते हँडब्रेकचं काय असतं, मला नीट सांग बघू."

पुढच्या राउंडअबाउटवर गाडी उजवीकडे वळली, तेव्हा त्या आरशाकडे टक लावून बसल्या होत्या.

"आला का गं वर?"

"नाही, आई, गाडी हलकी पळतेय," निहारिका म्हणाली.