गुळगुळीत बाजू

संगप्पा मिस्त्रींनी बाटलीतलं घोटभर पाणी फरशीवर ओतलं, त्यावर चप्पल टेकवली आणि त्यांचा पाय सर्रकन पुढे गेला. दिपकनं दंड धरला म्हणून बरं, नाहीतर साठीचा माणूस थेट ओढ्यात गेला असता.

"कुनी बसवली ही फरशी अशी?" मिस्त्री ओरडले. "गुळगुळीत बाजू वर?"

कुणी म्हणजे मी. प्रतिक्षा, वय बावीस, आठ पोरापोरींच्या गटाची मुकादम. आमच्यात दहावी पास मी एकटीच, म्हणून मुकादमकी माझ्या गळ्यात पडली. बाकीच्यांत कुणी विड्या वळणारी, कुणी शाळेतून हाकललेला. दिपक तर दोन वर्षं चौकातल्या कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायच्या नोकरीवर होता. एका संस्थेनं आम्हांला गोळा केलं आणि सांगितलं, तुमच्या वस्तीची पायवाट तुम्हीच बांधा. विहारामागून निघून ओढ्याच्या उतारानं खाली नळाकडे जाते ती वाट. चिखल, काचा आणि डुकरं चुकवत आमच्या आया जन्मभर तिथून पाणी आणत आल्या होत्या. आज संस्थेच्या साहेबांनी तपासून वाट पास केली की शेजारच्या तीन वस्त्यांच्या वाटाही आमच्याच गटाला मिळणार होत्या, म्हणजे वर्षभराचं काम. नापास झाली की गट मोडला आणि दिपक परत कट्ट्यावर.

मिस्त्री पुतणीच्या लग्नासाठी दोन दिवस अक्कलकोटला गेले होते. जाताना एवढंच म्हणाले होते, "उताराची फरशी नीट बसवा." आमची शहाबादी फरशी एका बाजूनं घासून गुळगुळीत केलेली होती, दुसऱ्या बाजूनं खडबडीत. आमच्या वस्तीत घरोघरी खरखरीत कोबा. गुळगुळीत फरशी एकाच घरात, आणि लहानपणी तिथं आम्ही नुसता हात फिरवायला जायचो. त्यामुळे कुठली बाजू वर घ्यायची हे विचारायचं आम्हांला सुचलंसुद्धा नाही. चांगली असते ती वर, त्यात विचारायचं काय? ज्यांनी जन्मापासून फरशीवर पाय ठेवलाय त्यांच्या हातून ही चूक झाली नसती. ती आमचीच होती.

"ह्ये बंगल्यात शोभतंय," मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले. "हितं हंड्यातलं पानी सांडलं की बाई सरळ वढ्यात."

"मग आता?"

"उखडायची. पालथी घालायची. खालचा सिमेंटचा माल अजून कच्चा हाय, निघंल. दोन दिवस जातील."

"सायेब चारला येनार हायती, मिस्त्री!"

मिस्त्री इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सायबाला काय कळतंय? आज पास करून घ्या. उद्या उलटू की."

खोटं कशाला बोलू, मला ते लगेच पटलं. अडचण एकच होती. आज पाण्याचा दिवस होता. पाचव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. साडेतीनला नळ सुटला की अख्खी वस्ती हंडे घेऊन याच उतारावर येणार होती.

"दोरी बांदा," मी म्हणाले. "सायेब बघून जाईस्तवर कुनाला सोडायचं न्हाय."

साडेतीनला वाटेच्या वरच्या टोकाला दोरी, दोरीच्या अलीकडे मी आणि पलीकडे पंचवीस-तीस बायका. त्यांच्या पुढे मल्लव्वा. तिच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या वस्तीला माहीत.

"आमच्याच वाटंला दोरी? मंत्री येनार हाय का काय?"

"मावशी, आजच्या दिवस पुलावरनं वळसा घालून जावा."

"पुलावरनं? चार खेपा मारंपर्यंत नळ जाईल की गं! तू पानी आनून देनार हायस का घरात?"

रिकामे हंडे एकमेकांवर आपटत होते. मागून कुणीतरी मला मुकादमीणबाई म्हणालं आणि बायका हसल्या. मी दोरी घट्ट धरली. तेवढ्यात गर्दीतून माझी आई पुढे आली. डोक्यावर हंडा, कडेला घागर.

"नागूबाई, तुमची पोरगी लई शानी झाली," मल्लव्वा तिला ऐकू जाईल अशी म्हणाली. "कच्ची बांदलीया वाट, म्हनून झाकून ठेवलीया."

"माज्या पोरीनं कच्ची बांदली?" आईनं दोरी उचलली आणि खालून अलीकडे आली.

"आई, जाऊ नगंस."

"का?"

सगळ्या बघत होत्या. दिपक जमिनीकडे बघत होता. मिस्त्रींनी विडी पेटवली.

"सायेब यायचं हायती अजून," मी म्हणाले.

"सायबाच्या आदी मी बघते की." आणि ती निघाली. फरशी कोरडी होती, आई झपझप उतरली. खाली पोचल्यावर वळून तिनं हात हलवला. "बघा गं! लई झ्याक हाय!"

तेव्हा बोलायला हवं होतं. फरशी उलटी बसलीया, एवढंच तर सांगायचं होतं. पण माझ्या डोक्यात तीन वस्त्या घोळत होत्या. शिवाय वाटलं, एकटी तर आहे, जपून येईल. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतं!

साहेब पंधरा मिनिटं आधीच मोटारसायकलवरून आले. खाली वाकून त्यांनी फरशीवर हात फिरवला, आम्ही लहानपणी फिरवायचो तस्साच.

"वा! काय फिनिशिंग आहे. तुम्ही पोरांनी केलं हे?"

मी मान हलवली. माझं लक्ष खाली होतं. आई भरला हंडा डोक्यावर आणि भरली घागर कडेला घेऊन चढत होती. पावलागणिक पाणी हिंदकळत होतं, फरशीवरून ओघळ खाली जात होते.

"ताई, तिथंच थांबा!" साहेबांनी मोबाइल काढला. "एक फोटो घेऊ."

आई थांबली. नेमकी चढाच्या मध्यावर, ओढ्याच्या बाजूला. ती फोटोत कधी हसत नाही, पण आज हसली. आणि तिचा डावा पाय घसरला, बोटभर. हंडा कलला, पाण्याचा लोट तिच्या खांद्यावरून फरशीवर आला. तिनं कसाबसा तोल सावरला. हसू गेलं.

"हलू नगंस, आई!" मी किंचाळले. "फरशी उलटी बसलीया! सायेब, गुळगुळीत बाजू वर आलीया, पान्यानं घसरतीया. चूक माजी हाय. आमाला दुपारपास्नं ठावं हाय!"

साहेबांनी मोबाइल खाली घेतला.

"आई, हंडा टाकून दे!"

"पाच दिसाचं पानी टाकू व्हय?" ती तिथूनच म्हणाली. उजवा पायही सरकायला लागला होता.

वरच्या टोकाला माल वाळू नये म्हणून ओली गोणपाटं अंथरलेली होती. दिपकनं ती ओढली आणि माझ्याकडे फेकली. मी फरशीवर बसून, ढुंगणानं सरकत खाली गेले. लाज वाटायला वेळच नव्हता. आईच्या पायाशी एक गोणपाट, त्याच्या वरच्या अंगाला दुसरं, असं अंथरत गेले. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यात नखं रुतत होती. नऊ गोणपाटांवरून ती वर आली.

साहेबांनी वहीत लिहिलं, काम अपूर्ण. "दोन दिवसांनी येतो," ते म्हणाले. "पण बाकीच्या वस्त्यांचं आता मला वर विचारावं लागेल." दिपकनं तोंड फिरवलं. मोटारसायकल गेली.

आईनं हंडा आणि घागर खाली ठेवली. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"मी उतरले तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मी हुते म्हनून वरडलीस," ती म्हणाली. "माज्या जागी ही मल्लव्वा आसती, तर वरडली आसतीस का गं?"

मी खाली वाकून गोणपाटं गोळा करायला लागले. दिपकनं न सांगता पहार आणली. आम्ही पहिली फरशी उखडली. खाली नळ चालू होता, बाकीच्या बायका पुलाकडे धावत होत्या. मल्लव्वा मात्र रिकामा हंडा घेऊन तिथंच उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.