सात नंबरच्या व्हॉल्व्हवरचं पाकीट

हुई-चूच्या गुडघ्यांची तक्रार गुडघ्यांपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. पण ती सीलो गावातल्या सोया सॉसच्या कारखान्यात कंट्रोल रूमभर झाली आणि तिथून मॅनेजर क्वो साहेबांच्या कानावर गेली. बाकीचे सगळे व्हॉल्व्ह खालून बटणावर चालत आणि आपण उघडे की बंद ते पडद्यावर मुकाट्याने सांगत. सात नंबरचा वाफेचा व्हॉल्व्ह मात्र जुना, मानी. बटण दाबलं की हालायचा, पण हाललो म्हणून खाली कळवायचा नाही. त्याच्या डोक्यावरचा रंग बघायला तीन मजल्यांचा लोखंडी जिना चढावा लागे. हिरवा दिसला की उघडा, लाल दिसला की बंद. हे चढणं कंट्रोल रूमवालीचं काम, आणि डॉक्टरांनी तर हुई-चूला जिनाच बंद केला होता.

"मग सोमवारपासून पॅकिंगला बसा," क्वो साहेब म्हणाले. "बाटल्यांना लेबलं लावा. गुडघ्यांना आराम."

केस पांढरे होईपर्यंत जिच्या हातात अख्ख्या कारखान्याची वाफ होती, तिने आता लेबलं चिकटवायची? हुई-चूला ते फार लागलं. घरी जाऊन तिने नवऱ्याला फैलावर घेतलं. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो शांतपणे जेवत होता.

तिची सगळी भिस्त आता पो-यानवर होती. या पोरगेल्या इंजिनिअरने सात नंबरसमोर एक कॅमेरा बसवला होता. कॅमेऱ्याने रंग ओळखायचा, पडद्यावर त्याच रंगाचा ठिपका दाखवायचा. शनिवारी चाचणी. ती पास झाली तर जिना सुटणार आणि खुर्ची टिकणार.

"पो-यान, तुझा कॅमेरा ऐन वेळी डोळे मिटणार नाही ना रे?"

"ताई, काल दिवसभर बघितलं. एकदाही चुकला नाही."

"काल साहेब नव्हते समोर. साहेबांसमोर मीसुद्धा चुकते."

शनिवारी क्वो साहेब हाताची घडी घालून पडद्यासमोर उभे राहिले. ठिपका हिरवा होता.

"करा बंद."

हुई-चूने बटण दाबलं. वाफेचा काटा झरझर खाली आला. ठिपका हिरवाच.

"वाफ म्हणते बंद, कॅमेरा म्हणतो उघडा," साहेब म्हणाले. "दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

 पो-यानने तारा चाचपल्या, पुन्हा उघड-बंद करून पाहिलं. ठिपका ढिम्म हिरवा. हुई-चूच्या डोळ्यांपुढे लेबलांची चळत उभी राहिली. शेवटी पो-यानने ठिपका बाजूला सारून कॅमेऱ्याचं खरं चित्रच पडद्यावर आणलं.

पडदाभर खाऊचं हिरवंगार पाकीट होतं.

नारळाच्या चवीच्या त्या कुरकुऱ्या खाऊचं पाकीट तिकडे प्रत्येक मशीनवर असतंच. ते असलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, अशी सगळ्यांची श्रद्धा. फक्त पाकीट हिरवंच हवं आणि तारीख उलटलेली नको. क्वो साहेबांच्या कॉम्प्युटरवर तर दोन होती.

"हे कोणी ठेवलं?"

हुई-चूने कपाळावर हात मारला. "मी. सकाळी, जिना चढून. आज तरी सगळं नीट व्हावं म्हणून. कॅमेऱ्यालाही नीट दिसावं, म्हणून त्याच्याकडे तोंड करून बांधलं."

"दिसलं की नीट!" साहेब म्हणाले.

पो-यान जिन्याकडे धावला, तसे साहेब ओरडले, "हात लावू नकोस! ज्याने ठेवलं त्यानेच हलवायचं. गेल्या वर्षी बाटल्या भरायच्या मशीनवरचं कोणीतरी खाल्लं, तर ते मशीन दुपारपर्यंत रुसलं होतं." मग पडद्याजवळ वाकून त्यांनी हळूच विचारलं, "तारीख उलटलेली नाही ना?"

"पुढच्या वर्षीची आहे, साहेब."

झालं. जिना टाळण्यासाठी हुई-चूला त्याच दिवशी दुसऱ्यांदा जिना चढावा लागला. पो-यान कोपराला धरून मागोमाग.

"सावकाश, ताई."

"सावकाशच चढतेय. पळायला लावलंस तर तुझ्याच अंगावर पडेन, मेल्या."

वर पोचून तिने हात जोडले. "रागावू नकोस बाबा. जरा सरकून बस." गाठ सोडून पाकीट तिने शेजारच्या पाइपाला बांधलं. पो-यानच्या वॉकीटॉकीतून साहेबांचा आवाज आला, "लाल! आता उघडतो. हिरवा! पुन्हा लाल!" आणि मग, "पॅकिंगला मी दुसरं कोणी बघतो. हुई-चू, तुम्ही खाली या."

पो-यानने उडीच मारली. हुई-चू मात्र हलली नाही. खुर्ची राहिली, हवं ते झालं होतं. पण आता इथे पुन्हा यायचं कारणच उरलं नव्हतं, आणि त्याचं इतकं वाईट वाटेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने सात नंबरच्या डोक्यावर तळवा ठेवला. ते गरम होतं.

"हुई-चू," वॉकीटॉकी खरखरला, "हात काढा. काही दिसत नाही."

"काढते, साहेब," ती म्हणाली, आणि तिने तो लगेच काढला नाही.